टर्बो बदलण्याआधी साबणाचं पाणी आणा

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या एका तरुणाने गेल्या दिवाळीत २०१६ ची फियाट अबार्थ पुंटो घेतली. तो तिसरा मालक, मीटरवर ७८ हजार किलोमीटर. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धूर येतो आणि दोन-तीन सेकंदांत जातो. आधी पाठ सीटला चिकटायची, ती गंमत उन्हाळा लागल्यापासून गेली. पाय दाबला की बोनेटमधून बारीक शिट्टी येते. गॅरेजवाल्याने ‘टर्बो गेला’ (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) म्हणून ८५ हजारांचा अंदाज दिलाय. मित्रमंडळी म्हणतात जाड ऑइल टाक, इंजिन फ्लश कर, व्हॉल्व्हवरचा कार्बन काढ, आणि हात घातलाच आहेस तर रीमॅपही (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करून घे. तर यातलं आधी काय करावं, आणि हे इंजिन अजून पाच वर्षं टिकवायचं तर काय लागेल?

दादा, तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि तुमच्या गॅरेजवाल्याने तिन्ही एकाच खुंटीला टांगल्यात. धूर ही एक गोष्ट, पिकअप कमी होणं ही दुसरी, शिट्टी ही तिसरी. तिन्हींचं कारण एकच असू शकतं, पण बावीस वर्षांत माझ्या शेडमध्ये आलेल्या गाड्यांवरून सांगतो, बहुतेक वेळा ते वेगवेगळं निघतं. आणि ज्या गाड्या ‘टर्बो गेला’ म्हणून येतात, त्यांतल्या बऱ्याच टर्बो न बदलता परत जातात.

गाडी मी पाहिलेली नाही, तेव्हा छातीठोक काही सांगणार नाही. आधीच्या दोन मालकांनी ऑइल कधी आणि कुठलं टाकलं, गाडी शहरात फिरली की हायवेवर, वर्षभर एखाद्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती का, यावर बरंच अवलंबून आहे. सर्व्हिस बुक असेल तर ते आधी वाचा. नसेल तर ‘काहीच झालेलं नाही’ असं धरून चाला.

पहिल्यांदा पट्टा, कारण यात थांबून चालत नाही. तुमच्या १३६८ सीसीच्या टी-जेट इंजिनाला टायमिंग चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणारा रबरी पट्टा. तो तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हना भिडतात, आणि मग ८५ हजारांचा आकडासुद्धा बरा वाटायला लागतो. रबर किलोमीटरपेक्षा वयाने जास्त मरतं, त्यात आपल्याकडच्या मे महिन्यात बोनेटखाली जे भट्टीचं वातावरण असतं ते वेगळंच. बेल्ट बदलल्याचं बिल हातात नसेल तर बाकी काही करण्याआधी बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे तो जुनाच ठेवून नवा पट्टा चढवणं म्हणजे पुन्हा सहा महिन्यांनी तीच मजुरी भरणं.

आता पिकअप आणि शिट्टी. या दोन्ही मी एकत्र घेतो, कारण शिट्टी आहे तिथे आधी गळती शोधायची असते. टर्बो हवा दाबतो, ती हवा होज पाइपातून पुढे इंटरकूलरमध्ये जाते, तिथे थंड होऊन दुसऱ्या होजमधून थ्रॉटलकडे (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडे) येते. या वाटेत रबरी तुकडे आहेत, क्लिपा आहेत, इंटरकूलरचे प्लास्टिकचे टोक आहेत. दहा वर्षांत रबर कडक होतं आणि भेग पडते. गंमत अशी की भेग बहुतेक क्लिपच्या अगदी कडेला, खालच्या बाजूने पडते. इंजिन बंद असताना हात फिरवलात तरी कळत नाही. दाब आला की ती ओठासारखी उघडते, दाब गेला की मिटते.

त्यासाठी माझ्याकडे एक घरगुती हत्यार आहे. नळ-फिटिंगच्या दुकानातून पीव्हीसीची बंद टोपी आणली, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारा पाइप सोडवायचा, त्या तोंडावर ही टोपी क्लिपने कसायची, आणि कॉम्प्रेसरवरून साधारण अर्धा बार हवा सोडायची. अर्धाच, उगाच दोन-तीन बार भरून सील उडवू नका. मग स्प्रे बाटलीत भांड्यांच्या साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोडावर मारत जायचं. जिथे भेग असते तिथे आधी बारीक बुडबुडे, मग कोलंबीच्या अंड्यांसारखा फेसाचा गुच्छ उभा राहतो. ऐकू पण येतं, पण त्यासाठी शेडमधला पंखा आणि पोरांचा रेडिओ दोन्ही बंद ठेवावे लागतात.

मागच्याच उन्हाळ्यात एक पुंटो आली होती, तक्रार अगदी तुमच्यासारखी. इंटरकूलरच्या वरच्या होजला, क्लिपपासून अर्ध्या बोटावर, नखाएवढी चीर निघाली. होज बदलला, क्लिप नवी घातली, आणि ज्याला टर्बो बदलायचा होता तो गृहस्थ बिल बघून दोनदा विचारत होता की एवढंच का.

गळती छोटी असली तरी ‘चालतंय की’ म्हणून सोडू नका. इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरला, हवा तितका दाब मिळाला नाही की ते टर्बोला आणखी जोराने पळवतं. गळक्या बादलीत पाणी भरायला नळ पूर्ण सोडावा लागतो ना, तसं. या छोट्या टर्बोची दांडी पूर्ण जोरात मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरते. गळतीमुळे तिला कायम वरच्या टोकाला ठेवलंत तर एक दिवस तो टर्बो खरंच जाईल, आणि तेव्हा गॅरेजवाला बरोबर ठरेल.

घरी बसून करता येईल असं एक काम आहे. साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर पाठवणारा) आणि मोबाइलवरचं अॅप घ्या. चावी ऑन करा, इंजिन बंद ठेवा आणि मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, बघा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे आकडा ९५ किलोपास्कलच्या आसपास हवा. मुंबईचा कोणी १०१ सांगेल, घाबरू नका, तो समुद्राकाठी बसलाय. मग बायपासवर मोकळा रस्ता बघून तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांवरून पाय पूर्ण दाबा आणि शेजारी बसलेल्याला आकडा वाचायला सांगा. स्वतः वाचू नका. आकडा हळूहळू चढून मधेच अडखळतो, की झटकन चढून नंतर खाली सरकतो, हे लिहून ठेवा. पहिला प्रकार बहुधा गळती किंवा उघडा राहिलेला वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणारी झडप). दुसऱ्या प्रकारात मी आधी डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर टर्बोचा दाब सोडणारा) आणि वेस्टगेटच्या दांडीची हालचाल बघतो.

पण तिसरीही शक्यता आहे, आणि तुम्ही ‘उन्हाळ्यापासून’ म्हणालात म्हणून सांगतो. ४२-४३ अंशांत, दुपारी, एसी लावून, विजयनगरच्या सिग्नलवर तीन वेळा थांबत आलात तर इंटरकूलर स्वतःच तापलेला असतो. गरम हवा गेली की नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकणं) टाळायला ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतं आणि ताकद काढून घेतं. हा बिघाड नाही, इंजिन स्वतःला सांभाळतंय. पहाटे सहाला तीच गाडी तोच रस्ता चालवून बघा. जोर परत आला तर ८५ हजार खिशातच ठेवा, बंपर काढून इंटरकूलरच्या पात्यांमध्ये अडकलेली धूळ, किडे, पिशव्यांचे तुकडे साफ करा. कमी दाबाच्या पाण्याने, मागून पुढे. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर गनने पाती आडवी पडतात.

याच रांगेत स्पार्क प्लग. टर्बोत मिश्रण दाट असतं, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेला प्लग आयडलला मस्त चालतो आणि दाब आला की खाकरतो. गाडीच्या जोरात बारीक बारीक धक्के जाणवत असतील तर चारही प्लग काढा, गॅप मॅन्युअलप्रमाणे बघा, शंका असली तर बदलून टाका.

धुराकडे येऊ. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं नक्की. कुठून जळतंय ते धूर कधी येतो यावरून कळतं. रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन आला आणि गेला, तर बहुतेक व्हॉल्व्ह स्टेम सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबरी सील. रबर कडक झालं की रात्रभरात ऑइलचे दोन थेंब गाइडमधून खाली उतरतात आणि सकाळी जळून जातात. पाच-सात मिनिटं आयडलवर उभी राहून मग रेझ दिली की ढग निघतो, किंवा घाटात उतरताना पाय काढला की आरशात निळं दिसतं, तर टर्बोच्या सीलवर संशय घ्या. पाय दाबून ठेवला तरी सतत येतो, तर पिस्टनची रिंग किंवा क्रँककेसची ब्रीदर लाइन (इंजिनातली वाफ बाहेर नेणारी नळी). तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं. दर हजार किलोमीटरला ऑइल किती घटतं ते डिपस्टिकवर मोजा. जरासंच कमी होत असेल तर नुसत्या सकाळच्या धुरासाठी हेड उघडायची घाई मी करत नाही.

टर्बो खरंच संशयात असेल तर इनटेकचा पाइप काढून बोट आत घाला. इंजिन थंड हवं. कॉम्प्रेसरच्या चाकाचा मधला नट चिमटीत धरून वर-खाली हलवा. थोडं हलेल, घाबरू नका. ती दांडी ऑइलच्या पातळ थरावर तरंगते, इंजिन बंद असताना तो थर नसतो, म्हणून एवढी ढील असतेच. मग तीच दांडी आत-बाहेर ओढा. इथे बोटाला काही जाणवलं तर वाईट. आणि टॉर्च मारून बघा, चाकाची पाती घराला घासल्याच्या चकचकीत खुणा आहेत का. आतल्या भिंतीवर ऑइलचा हलका ओलावा असणं सामान्य आहे, ब्रीदरमधून वाफ येतेच. डबकं साचलेलं असेल तर मात्र बोलायला हवं.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. नऊ वर्षांपूर्वी एका डॉक्टरांची फियाट लिनिआ टी-जेट आली. टर्बोत खरंच ढील होती, मी बदलला. तीन आठवड्यांत नव्या टर्बोतून धूर! मी पुरवठादाराशी भांडून आलो. परत उघडली आणि ऑइल परत जाणारी नळी बघितली, जी पहिल्याच वेळी बघायला हवी होती. टर्बोतून ऑइल खाली सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) दाबाने नाही, नुसतं उताराने येतं. त्या नळीत आत काळा थर जमला होता, करपलेल्या दुधाचा पातेल्याला धरतो तसा, आणि पेन्सिलसुद्धा पार जाईना. ऑइलला खाली जायला वाटच नव्हती, मग ते सीलमधून बाहेर पडणारच. नव्या सीलचा काय दोष? दुसऱ्या टर्बोचे पैसे मी माझ्या खिशातून भरले. तेव्हापासून ऑइल येणारी आणि जाणारी अशा दोन्ही नळ्या बदलल्याशिवाय मी टर्बोला हात लावत नाही. तुमच्या गॅरेजवाल्याच्या अंदाजात त्या दोन नळ्या आणि सम्पची जाळी साफ करणं लिहिलंय का, ते विचारा. लिहिलं नसेल तर तो अंदाज अपुरा आहे.

तो काळा थर येतो कुठून? पेट्रोल टर्बोत एक्झॉस्टचं तापमान नऊशे अंशांच्या पुढे जातं. जोरात चालवून एकदम चावी फिरवली की ऑइलचा प्रवाह थांबतो, आणि बेअरिंगपाशी उरलेलं ऑइल तिथेच भाजलं जातं. म्हणून ‘टर्बोला दोन मिनिटं आयडल द्या’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो अर्धाच बरोबर आहे. रात्री बायपासवरून सुसाट आलात, पण सराफ्यात (रात्रीच्या खाऊगल्लीत) जायला राजवाड्याच्या गर्दीतून वीस मिनिटं रांगत आलात, तर टर्बो कधीच शांत झालेला असतो, उतरा आणि खा. उलट ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाट दणक्यात चढून सिमरोलला चहासाठी ब्रेक मारलात, तिथे मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. त्याहून सोपं म्हणजे थांबण्याआधीचे दोन किलोमीटर पाय हलका ठेवा.

ऑइलबाबत माझं मत ठाम आहे. फुल सिंथेटिक, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं, म्हणजे ५डब्ल्यू-४० च्या घरातलं, आणि कंपनीचा आकडा काहीही असो, साडेसात हजार किलोमीटर किंवा आठ महिने, जे आधी होईल ते. महिन्याला तीनशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला महिनेच लागू होतात. ‘जुनं इंजिन आहे, २०डब्ल्यू-५० टाका, धूर जाईल’ हा सल्ला देवास नाक्यावर ट्रकला ठीक असेल. तुमच्या टर्बोला सकाळी पहिल्या काही सेकंदांत ऑइल पोहोचायला हवं असतं, आणि जाड ऑइल तिथे उशिरा पोहोचतं. धूर चार दिवस दबेल, बेअरिंग झिजत राहील.

फ्लश नको. इतिहास माहीत नसलेल्या इंजिनात फ्लश टाकला की वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटतो आणि सम्पच्या जाळीवर जाऊन बसतो. त्याऐवजी चांगलं ऑइल टाकून दीड हजार किलोमीटर चालवा, फिल्टरसह काढा, परत तेच करा. हळूहळू धुतलं जातं. काढलेला फिल्टर फेकू नका. आरीने कापलात तर आरीचाच चुरा पडून फसगत होते, फिल्टर कटरने किंवा छिन्नीने कडेने उघडा. आतला घड्या घातलेला कागद वर्तमानपत्रावर पसरून उन्हात धरा. काळपट चिकटा ठीक आहे. चमकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड झिजतंय, नाही चिकटले तर बेअरिंगचा किंवा अॅल्युमिनियमचा कण असू शकतो. असे कण दिसले की मी आधी ऑइल प्रेशर मोजतो, टर्बोचं नंतर बघतो.

व्हॉल्व्हवरचा कार्बन काढायचा सल्ला तुमच्या मित्राने पोलो टीएसआयवाल्याकडून ऐकला असणार. त्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची पाठ कधी धुतली जात नाही आणि थर जमतो. तुमच्या टी-जेटमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी, पोर्टमध्ये पडतं. व्हॉल्व्ह रोज धुतला जातो. तो खर्च वाचला.

पेट्रोलचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि तुमची गाडी त्या काळातली नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते, तेव्हा अॅव्हरेज थोडं घटणार. नॉकिंगच्या दृष्टीने ते वाईट नाही, उलट इथेनॉलचा ऑक्टेन (नॉकिंग रोखायची क्षमता) चांगला आहे. चिंता जुन्या रबरी नळ्यांची, सीलची, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर इथेनॉल ओढून घेतं त्या ओलाव्याची. पेट्रोलच्या नळ्या वर्षातून एकदा हाताने दाबून बघा, फुगलेली किंवा चिकट लागली तर बदला. त्याच डोंगलवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतंय तो आकडा) पाहिलीत आणि ती चार-पाच टक्के अधिक दिसली तर इथेनॉलचा हिशेब म्हणून सोडून देतो, दहाच्या पुढे गेली की फ्युएल पंप आणि इंजेक्टर तपासतो. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल उन्हाळ्यात या इंजिनाला मानवतं. त्याहून महागडं, रीमॅप न केलेल्या गाडीत, मला तरी पैशाच्या मोलाचं वाटलं नाही.

कूलंटमध्ये नळाचं पाणी नको, बोअरिंगचं तर मुळीच नको, इथल्या काळ्या दगडातलं पाणी जड असतं. नर्मदेचं पाणी प्यायला घ्या, रेडिएटरला डिस्टिल्ड.

रीमॅपचं एवढंच सांगतो की १४५ पीएस आणि २१२ न्यूटन-मीटर ही कंपनीने दिलेली ताकद आधी पूर्ण परत येऊ दे. गळक्या होजवर जास्त बूस्ट (टर्बोचा दाब) मागणं म्हणजे ताप असताना धावायला सांगणं. वर्षभर गाडी नीट चालली, ऑइल घटलं नाही, क्लच घसरत नाही, तर मग बोलू. फियाटच्या गाड्या इथे बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम येण्याआधीच, म्हणजे २०२० च्या आधी बंद झाल्या. टर्बो, सेन्सर असले भाग आता शोधावे लागतात. फुटलं तर ‘उद्या आणून लावतो’ असं म्हणणारा कोणी भेटणार नाही.

पैसे एकदम नसतील तर माझा क्रम असा: बेल्ट-पंप, ऑइल-फिल्टर, साबणपाण्याची चाचणी आणि जो होज निघेल तो, प्लग, इंटरकूलरची सफाई. एवढं झाल्यावर दोन हजार किलोमीटर चालवा. टर्बोचा विषय त्यानंतरही शिल्लक राहिला तर नळ्यांसकट करा.

आणि धूर दाखवायला गाडी कुठेही नेलीत तरी सकाळी चालवत नेऊ नका. तुम्ही पोहोचेपर्यंत रात्रभरात उतरलेलं ऑइल जळून धूर संपलेला असतो, आणि मिस्त्री तुमच्याकडे वेड्यासारखा बघतो. आदल्या संध्याकाळी नेऊन उभी करा, चावी स्वतःकडे ठेवा, सकाळी जाऊन तुम्हीच स्टार्ट मारा आणि मिस्त्रीला सायलेन्सरच्या मागे उभं करा.